सदर पुस्तक देण्यात येऊ नये

पुस्तक वाचून संपलं, की भाऊसाहेब ते मिटून त्यावर मूठ आपटायचे. शिक्का मारल्यासारखी. मग म्हणायचे, "झालं. आता बोल." पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लिपिक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर टेबलावरचे कागद जाऊन मुलांची पुस्तकं आली, एवढाच फरक.

बोलतात एका भाषेत आणि लिहितात दुसऱ्या, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भाऊसाहेब इंदापूरकडचे. तोंडी म्हणायचे, "ह्या कोल्ह्याचं काय खरं न्हाय गड्या." मुलांच्या पुस्तकांवरच्या त्यांच्या ब्लॉगवर तेच "सदर कथेतील कोल्हा विश्वासार्ह वाटत नाही" असं व्हायचं. त्यांना टाइप करता येत नसे. ते सांगायचे, शेजारी राहणारा मी टाइप करायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मुलांसाठीही पुस्तकं असतात, हे मला त्यांच्या घरातल्या फडताळामुळे कळलं आणि मग मीही माझा ब्लॉग सुरू केला. त्यांच्या वाक्याला हात लावायचं माझ्या मनातही येत नसे. उलट गंमत वाटायची.

एकदा एक चित्रांचं पुस्तक आलं. आजोबा दवाखान्यात आहेत, नात वाट बघते आहे, आणि आजोबा परत येत नाहीत. वाचता वाचता भाऊसाहेब उठून पाणी पिऊन आले. म्हणाले, "आपल्यालाच झेपंना, लेकरांचं काय?" मग मला सांगितलं, "लिव. सदर पुस्तक पाचवीच्या आतील विद्यार्थ्यांना देण्यात येऊ नये."

मी लिहिलं.

पुढे काही महिन्यांनी बारामतीत बालसाहित्यावर ब्लॉग लिहिणाऱ्यांचं एक छोटं संमेलन भरलं. मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत आम्ही मूठभर लोक, खाली कुणाचा तरी साखरपुडा. कविता वाचणाऱ्याला मधेच बँडसाठी थांबावं लागायचं. वयाने सगळ्यांत मोठे म्हणून भाऊसाहेबांचा दुपारी सत्कार होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आवडीची आणि नावडीची अशी दोन्ही पुस्तकं पिशवीत भरून ते आले होते.

चहाच्या वेळी पिंपळीच्या एका शाळेतल्या बाई त्यांच्याशी बोलायला आल्या.

"भाऊसाहेब, तुमचं सगळं वाचतो आम्ही. ते आजोबांचं पुस्तक लगेच कपाटात बंद केलं."

"कशापाई?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना, देण्यात येऊ नये म्हणून. आमच्या हेडसरांना वाटलं, वरूनच आदेश आलाय." बाई हसल्या. "चौथीतली एक मुलगी रडली मात्र. तिचं अर्धंच वाचून झालं होतं. तिचे आजोबा तेव्हा दवाखान्यात होते. गेले नंतर. पण म्हटलं, भाऊसाहेबांनी विचार करूनच लिहिलं असणार."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "पोरगी राहती कुठं?"

बाईंनी घर सांगितलं. मी म्हणालो, "भाऊसाहेब, जेवणानंतर तुमचा सत्कार आहे."

"कशाचा सत्कार? गाडी काढ."

मोटारसायकलवर मागे बसून ते एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, आपलं वाचतंय कोण." हे परिपत्रकासारखं वाटतंय, एवढं मी टाइप करताना म्हटलं असतं, तर हसून त्यांनी ते वाक्य बदललं असतं.

उसाला लागूनच घर होतं. मुलगी अंगणात दुधाची किटली घासत होती. भाऊसाहेब पायरीवर टेकले.

"तुझं पुस्तक काढून घेतलं ना, ते माझ्यामुळं. चुकलं माझं."

"बरं," ती म्हणाली. दुकानातून साखर आण म्हटल्यावर म्हणावं तसं.

तिची आईच अवघडली. "आवं आबा, लहान हाय ती. तुमी कशाला मनाला लावून घेताय?"

भाऊसाहेबांनी पिशवीतून तेच पुस्तक काढलं. मुलीचे हात थांबले.

"त्यातलं आजोबा घरी येत्यात का?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी किटलीकडं.

"न्हाय येत, बाळ."

"मला वाटलंच. म्हणून तर काढून घेतलं." तिने हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि शेजारी येऊन बसली. "वाचा की मग."

त्यांनी पहिलं पान उघडलं. "हितनं न्हाय, खिडकीपासनं," ती म्हणाली. तिचं वाचणं जिथं अडलं होतं, त्या खिडकीच्या पानापासून ते वाचू लागले. रिकाम्या खाटेच्या पानावर ते अडले. मग पुस्तक आपल्या मांडीवर ओढून, ओळीखाली बोट धरून, जोडाक्षरांशी अडखळत पुढचं सगळं तिने त्यांना वाचून दाखवलं.

पुस्तक तिच्याकडेच राहिलं. परत आलो तेव्हा शाल आणि श्रीफळ टेबलावर होतं. भाऊसाहेबांनी ते घेतलं नाही. अमुक पुस्तक देऊ नये, असं त्यानंतर त्यांनी कधी लिहायला सांगितलं नाही. पिंपळीला मात्र नवं पुस्तक घेऊन अधूनमधून जायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. कळवायला म्हणून मी पिंपळीला गेलो. मुलगी आता उंच झाली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दवाखान्यात व्हतं का?"

"होय. बरेच दिवस."

"त्यास्नी खरं सांगितलं व्हतं का कुणी?"

शेवटच्या आठवड्यात भाऊसाहेब मला रोज विचारत होते, "काय म्हणत्यात डॉक्टर?" आणि मी रोज म्हणत होतो, दोन दिवसांत घरी सोडतील.

"नाही," मी म्हणालो.

ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.