धूळ सांभाळायची नोकरी

वडील न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा ताई विद्यापीठाच्या तळघरात होती आणि तिचा फोन बाहेरच्या कपाटात. आत फोन चालत नाही. पावडर, अत्तर, बांगड्या, लोकरीचा स्वेटर, यातलं काहीच चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर मास्क, हातात एकावर एक दोन हातमोजे आणि समोर काचेची पेटी. पेटीत नायट्रोजन भरलेला आणि त्या नायट्रोजनमध्ये सात दाणे ठेवलेले. एका यानानं लघुग्रहावरून आणलेल्या मातीतले ते दाणे अवकाश संस्थेनं विद्यापीठाला अभ्यासासाठी उसने दिले होते. त्यातला सगळ्यात मोठा मोहरीएवढा, बाकीचे नजर ताणून बघावेत असे. त्यांना हवा लागू द्यायची नाही, ओल लागू द्यायची नाही, आणि हरवू तर मुळीच द्यायचे नाहीत, हे ताईचं काम.

बाहेर येऊन तिनं फोन पाहिला तर भावाचे कॉलवर कॉल. ती तशीच धावत सुटली. पायातली निळी प्लास्टिकची पिशवी रस्त्यात निघाली, तेव्हा तिला कळलं की आपण ती काढलीच नव्हती.

ताईचं वय सेहेचाळीस. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारणंही लोकांनी आता सोडून दिलं होतं. वडील बसचे ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन जमाना झाला. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. मोठा भाऊ, दादा, दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि गाड्या दुरुस्त करायचा. तो तिला धूळराणी म्हणायचा. आल्यागेल्याला सांगायचा, "घरात कपाटावर बोटभर धूळ, तिकडे बघायला हिला वेळ नाही. आणि आकाशातली धूळ सांभाळायचा हिला पगार मिळतो!" ताईही हसायची. पहिल्या काही वर्षांत तरी खरोखर हसायची.

सरकारी दवाखान्यात वडिलांना चौथ्या मजल्यावर खाट मिळाली आणि एक्स-रे तळमजल्यावर. लिफ्ट बंद होती. 'लिफ्ट बंद आहे' ही पाटीसुद्धा इतकी जुनी झाली होती की तिच्यावरचं 'बंद' पुसत आलं होतं. दादानं आणि दोन वॉर्डबॉयनी वडिलांना खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवलं. ताई मागून सलाइनची बाटली धरून. वडील वेदनेनं पांढरेफटक पडले होते, पण प्रत्येक मजल्याच्या चौकात सवयीनं सांगत होते, "हळू. वळण आहे. डावीकडून घ्या."

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना वर चढवून झोपवल्यावर दादा खिडकीशी घाम पुसत उभा राहिला.

"तुझ्या त्या सात दाण्यांवर सरकार किती उधळतं गं?"

"दादा, आत्ता नको."

"आत्ताच. या लिफ्टला त्याच्या शंभराव्या हिश्शाचीही मोटर लागणार नाही. मी गाड्या दुरुस्त करतो, मला कळतं."

ताईकडे या प्रश्नाची उत्तरं पाठ होती. शाळांच्या सहली यायच्या तेव्हा ती देतच असे: पृथ्वीवर पाणी कुठून आलं, समुद्र कसे झाले, हे त्या दाण्यांत लिहिलेलं असतं, आपण साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची माती हातात धरतो आहोत. पण चार मजले चढून आलेल्या घामेजल्या भावासमोर तिला ती वाक्यं सहलीपुरतीच वाटली. ती म्हणाली, "चहा आणू?"

"आण," दादा म्हणाला.

खरं तर तिची नोकरी म्हणावी अशी नोकरीही नव्हती. प्रकल्प असेपर्यंत करार, प्रकल्प संपला की करार संपला, मग नवा प्रकल्प. डॉक्टरेट केलेली बाई, पण घरमालकानं दर वर्षी भाडेकरूला लोंबकळत ठेवावं तशी दहा-अकरा वर्षं लोंबकळत होती. तिच्या बरोबरीचे दोघं कधीच बँकेत आणि औषधकंपनीत गेले. ती राहिली. दाण्याला हात लावायला तिच्याइतका संथ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे एक कारण. चिमटा जवळ नेला की दाणा विजेच्या भारानं टुणकन उडतो. श्वास रोखून, वाट बघत त्याला समजवावं लागतं. दुसरं कारण तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एखादा दाणा यंत्रात सरळ बसला, पडद्यावर त्याच्या पोटातले थर दिसू लागले, की तिला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. एवढंच.

सरांनी, म्हणजे तिच्या प्राध्यापकांनी, पाच वर्षांच्या नव्या प्रकल्पासाठी सरकारकडे अर्ज केला होता. मागच्या खेपेला मागितलेल्या रकमेला निम्मी कात्री लागली होती. सर निवृत्तीला टेकलेले. हा त्यांचा शेवटचाच अर्ज. वडिलांचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात पाहणी समिती आली.

"फक्त विचारतील त्याचंच उत्तर दे," सरांनी बजावलं. "आणि जरा हसतमुख राहा. तुझा चेहरा बघून त्यांना वाटेल आपण बुडालोच."

समितीत पाच जण होते. चौघं विज्ञानातले; त्यांचे प्रश्न यंत्रापाशीच फिरत राहिले. पाचव्या बाई लोकप्रतिनिधी, पूर्वीच्या शिक्षिका. जाडसर, गुडघे दुखणाऱ्या. तळघराचा जिना उतरतानाच त्या दमल्या होत्या. काचेला नाक लावून त्यांनी दाणे पाहिले, म्हणजे पाहायचा प्रयत्न केला, आणि खुर्चीत बसत विचारलं, "हे बघा, राग मानू नका. माझ्या भागातले लोक मला विचारतात, दवाखान्याला पैसे नाहीत आणि दगडाला कसे आहेत? मी त्यांना काय सांगू?"

सर पुढे सरसावले. पण बाई ताईकडे बघत होत्या.

ताई रात्रभर दवाखान्यातल्या बाकावर बसून आली होती. ती म्हणाली, "माझे वडील त्याच दवाखान्यात आहेत. त्यांना विचाराल तर ते लिफ्टच आधी म्हणतील."

सरांनी डोळे मिटले.

"पण मागच्या वेळी आमचे निम्मे पैसे कापले," ताई सावकाश बोलत राहिली, "आणि लिफ्ट तेव्हाही बंद होती, आजही बंद आहे. आमचे कापून ती सुरू होणार असेल तर कापा. मी स्वतः लिहून देते. फक्त ती सुरू होईल, एवढं कुणीतरी सांगा."

मग त्या बाई हसल्या, पण त्या हसण्यात काही गंमत नव्हती. "ते माझ्याही हातात नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात असतं तर मी इथे जिने उतरत बसले असते का?"

जाताना त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलांची चौकशी केली. सर मात्र दोन दिवस ताईशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, "बोललीस ते खोटं नव्हतं. पण हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मग वाट बघणं सुरू झालं. निकाल पुढच्या महिन्यात, मग अधिवेशनानंतर, मग नव्या आर्थिक वर्षात. तेवढ्यात ताईचा करार संपला. वडील वॉकर धरून घरी आले, आणि ती रोज सकाळी त्यांचं आवरून, पगार नसताना, तळघरात जात राहिली.

"फुकट?" दादानं विचारलं.

"दाणे उसने आहेत. परत करेपर्यंत कुणीतरी बघायला हवं."

"मग सर बघतील."

"त्यांचे हात थरथरतात रे."

एके दिवशी नायट्रोजन पुरवणाऱ्यानं सिलिंडर पाठवायचं बंद केलं. विद्यापीठानं मागची बिलं दिली नव्हती, त्याचं तरी काय चुकलं? पेटीच्या मीटरचा काटा हळूहळू खाली यायला लागला. ताईनं सगळीकडे फोन केले. शेवटी एका दुसऱ्या महाविद्यालयानं एक सिलिंडर देऊ केला, पण न्यायचा आपला आपण. तिनं दादाला फोन लावला, आणि त्यानं उचलल्यावर ती नुसतं "दादा" म्हणाली.

"काय झालं? बाबा पडले का?"

"नाही. मला तुझी गाडी हवीय. दगडांसाठी."

दादा गॅरेजचा टेम्पो घेऊन आला. जाताना आणि येताना तो अखंड बडबडत होता. हे सरकार, ते सरकार, खड्डे, कर, आणि बहिणीची अक्कल. सिलिंडर मात्र त्यानं दोराच्या तीन गाठींनी असा बांधला की जणू आत पाण्याचा माठ आहे. तळघरापर्यंत तो दोघांनी मिळून उतरवला. काटा वर चढला. ताई भिंतीला टेकून खालीच बसली.

दादा पेटीच्या खोलीच्या काचेतून आत बघत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"दिसत पण नाहीत."

"सूक्ष्मदर्शकातून दाखवू?"

"नको." त्यानं काचेवरचा आपल्या बोटांचा ठसा बाहीनं पुसला. "मला नाही समजत गं हे. खोटं कशाला सांगू? आज सांगितलंस तरी उद्या पुन्हा लिफ्टच आठवेल. पण तू किती दमलीयस, ते दिसतंय. चल, घरी सोडतो."

तिनं त्याच्यापुढे हात केला, आणि त्यानं तिला ओढून उठवलं.

निकाल आला तेव्हा हिवाळा सरत आला होता. नव्या यंत्राला पूर्ण मंजुरी. मनुष्यबळाच्या रकान्यात शून्य. यंत्र म्हणजे दिसणारी मालमत्ता; उद्घाटनाला फीत कापता येते, फोटो काढता येतो. माणसाची फीत कशी कापणार? चणे मिळाले आणि दात काढून घेतले, असं सर म्हणाले. ते हसतायत की काय, हे ताईला कळेना. त्यांनी कुठे-कुठे खेटे घालून शेवटी तिच्यासाठी अर्धी जागा मिळवली: रोज फक्त सकाळी, पदवीच्या मुलांना प्रात्यक्षिकं शिकवायची, आणि त्यातूनच दाण्यांकडे लक्ष द्यायचं. पगारही अर्धा.

"याहून जास्त मला नाही जमलं," सर म्हणाले. ते खुर्चीत फार म्हातारे दिसत होते.

"तुम्ही जेवलात का?" ताईनं विचारलं.

शेवटचा दाणा तिनं जुन्याच यंत्रावर मोजला. त्याच्या पोटात क्षारांची एक केसाहून बारीक शीर निघाली. खारं पाणी कधीकाळी तिथे वाहिलं होतं आणि वाळून गेलं होतं, समुद्र असण्याच्याही आधी. ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. पुढे तो शोध एका पत्रिकेत छापून आला. लेखकांच्या लांबलचक यादीत तिचं नाव मधेच कुठेतरी होतं. वडिलांनी ते भिंग लावून शोधलं आणि बोट ठेवून दादाला दाखवलं. दादा म्हणाला, "बरं झालं," आणि कागद परत नीट घडी घालून ठेवला.

अर्ध्या नोकरीचा पहिला दिवस सोमवार होता. दुपारी ती घरी आली. उन्हात वाळत घातलेले कपडे काढायचे होते, वडिलांच्या गोळ्या आणायच्या होत्या. पाच मिनिटं म्हणून ती पलंगावर आडवी झाली, तशीच, पायातल्या चपलांसकट.

दादाचा फोन वडिलांनी घेतला.

"झोपलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "नाही, बरी आहे. नुसती झोपलीय. गोळ्या तूच घेऊन ये. आणि हे बघ, दार वाजवू नकोस."

वॉकर टेकवत ते तिच्या खोलीशी गेले, वाकता येत नव्हतं म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या काठीच्या टोकानं एकेक चप्पल तिच्या पायातून ढकलून काढली, आणि पडदा ओढून घेतला.