घरच्यांचं टेबल

आर्डिस टोलेफसनच्या हातचे हॅमचे बन खाल्ल्याशिवाय आमच्या गावात कोणाची माती पार पडत नाही. दफन झालं की चर्चच्या तळघरात जेवण, आणि ते रांधायचं आम्ही बायकांनी. पुढचं टेबल घरच्यांचं. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, नुसतं बसून खायचं. मिनेसोटात आम्ही रडारड करत नाही; जे काही वाटतं ते बटाट्याच्या सॅलडमध्ये कालवतो.

आर्डिसने लग्न केलं नाही. डेअरीच्या ऑफिसात नोकरी केली, आईचं म्हातारपण काढलं, मग थोरला भाऊ ऑर्विन याच्या शेताला लागून एका लहान घरात राहिली. सत्तरी ओलांडली तरी कमरेला एप्रन. कोणी वाखाणलं की फटकारायची, "पुरे! बनच आहेत, चर्च नाही बांधलं." मला तो ताठा वाटायचा.

धाकटा भाऊ लायल अलास्कात आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, आई त्याला दारूवरून नको नको ते बोलली आणि तो दार आपटून निघून गेला. आईने अन्न सोडलं. फेब्रुवारीत आर्डिस ऑफिसातून धावत घरी आली: लायलचा फोन आला होता, मासेमारीच्या बोटीवर आहे, मजेत आहे. आई त्या दिवशी पोटभर जेवली. पुढे पत्र नाही, फोन नाही. ऑर्विन दोनदा अलास्काला जाऊन बंदरं पालथी घालून आला. "असेल कुठेतरी, हट्टी लेकाचा," म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात मी केकचं भांडं परत द्यायला आर्डिसकडे गेले, तर ऑर्विन बसलेला आणि समोर शेरिफच्या पोलीस कचेरीतली मारिट नावाची बाई. आर्डिसने माझा हात धरून मलाही बसवून घेतलं. विषय होता नदीतल्या माणसाचा. लायल गेला त्याच्या पुढच्या वसंतात, बर्फ वितळल्यावर, आमच्या नदीत एक प्रेत सापडलं होतं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. कोणी हक्क सांगेना, तेव्हा आमच्याच चर्चने त्याला मूठमाती दिली होती.

"आता त्याच्या हाडातून डीएनए काढलाय," मारिट म्हणाली. "ऑरेगनमधल्या एका मुलीने आपले पूर्वज नॉर्वेतल्या कुठल्या गावचे ते बघायला हौसेने थुंकी तपासून घेतली होती. ती त्याची लांबची नातेवाईक निघाली. वंशावळीत तिच्या खापरपणजोबांपर्यंत वर गेलो, मग एकेक फांदी धरून खाली उतरलो. उतरता उतरता तुमच्या दारात आलो."

"चुकीच्या दारात आलात," ऑर्विन म्हणाला.

"असेलही. तुमच्यापैकी एकाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की कळेल. फक्त एक सांगा, लायल शेवटचा बोलला कधी? हा माणूस नदी गोठायच्या आधीच पाण्यात गेलाय."

ऑर्विन हसला. "मग मिटलंच! फेब्रुवारीत फोन आला होता त्याचा. बोळे कशाला फिरवताय? आर्डिस, सांग ना यांना. दातखीळ बसली का?"

तिने नुसती मान डोलावली असती तरी ऑर्विनने मारिटला दार दाखवलं असतं, आणि तो माणूस बेवारसच राहिला असता. आणि तिने खरं सांगितलं, तर ऑर्विन, जगात उरलेला तिचा एकुलता एक सख्खा माणूस, हातचा जायचा.

"फोन आला नव्हता," आर्डिस म्हणाली. "आई मरेल असं वाटलं. म्हणून मी रचून सांगितलं."

ती बोलत राहिली. "प्रेताची बातमी रेडिओवर लागली तेव्हा आई कोट घालून दारात उभी राहिली. बघून येते म्हणाली. मी म्हटलं, अगं आई, वेडी की काय, फेब्रुवारीत बोललाय तो माझ्याशी! तिने कोट काढून ठेवला. मलाही शंका आली होती, ऑर्विन. पण जाऊन बघितलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं." तिने मारिटपुढे तोंड उघडलं. "घ्या."

"दोनदा गेलो मी अलास्काला," ऑर्विन इतकंच म्हणाला, आणि टोपी घेऊन निघून गेला. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

तो लायलच निघाला. जूनमध्ये त्याच्या नावाचा दगड बसवला, प्रार्थना झाली, तळघरात जेवण मांडलं. आर्डिस सवयीने एप्रन बांधायला लागली, तर मी तिला हाताला धरून पुढच्या टेबलाशी बसवलं. ती एकटीच. ऑर्विन कुठे बसतो याकडे अख्ख्या तळघराचे डोळे.

तो ताटली घेऊन तिच्या समोर येऊन बसला. बन हातात नुसता फिरवत त्याने विचारलं:

"बेवारस म्हणून पुरला, तेव्हा त्याचं जेवण केलं होतं का कोणी?"

"केलं होतं." आर्डिस म्हणाली. "हे टेबलही मांडलं होतं. कोणी बसलं नाही. बनांना लोणी मी लावलं होतं."

ऑर्विनने मान हलवली. "म्हणजे घरचं एक माणूस होतं तर."

तिला बरं वाटावं म्हणूनच तो हे बोलला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आर्डिसने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि एप्रन बांधून भांडी घासायला लागली. आमच्यापैकी कोणी तिला अडवलं नाही.