ताग्यांचे कोपरे

काकूंच्या दुकानात गोधडीला लागणारं सगळं मिळायचं. कापडाचे तागे, आत घालायचा कापूस, जाड दोरा, सुया. आणि फुकटात मिळायच्या त्या काकू! कुठल्या निळ्याशेजारी कुठला पिवळा शोभेल, हे विचारायला बायका यायच्या, ढीगभर तागे खाली काढायला लावायच्या, फोटो घ्यायच्या आणि "विचार करून सांगते हं" म्हणून सटकायच्या. मग तेच कापड घरबसल्या मागवून शिवायला पुन्हा काकूंच्याच टेबलावर हजर. लाज म्हणून काही शिल्लक असेल तर शपथ!

दर गुरुवारी दुपारी ही बैठक भरायची. टेबल काकूंचं, इस्त्री काकूंची, पंखाही काकूंचाच. काका गेल्यापासून काकूंना त्या गलक्याचीच सोबत होती, म्हणून त्या तोंड मिटून बसायच्या. "जाऊ दे, आपलीच माणसं आहेत." सून मात्र जळफळायची. "आई, या बायका तुमच्या डोक्यावर मिरे वाटतायत."

शेवटी दुकान बुडायला आलं. काकूंनी हात जोडून सांगितलं, "बायांनो, कापड इथूनच घेत जा गं. नाहीतर महिनाअखेर मला शटर ओढावं लागेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर कुणी साधी सुईसुद्धा घेतली नाही.

पुढच्याच बैठकीला त्यांची पुढारीण काखेत भलंमोठं पुडकं घेऊन आली. "काकू, डोळे मिटा!"

उघडले तर टेबलावर गोधडी. बोटभर तुकड्यांची, टाका न् टाका रेखीव. काकूंचा ऊर भरून आला. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि तो एका जांभळ्या ठिपक्यांच्या तुकड्यावर थबकला. ते कापड तर कधी विकलंच गेलं नव्हतं. अख्खा तागा अजून वरच्या फळीवर पडून होता.

"हे कुठून आणलंत गं?"

"अहो, इथूनच!" पुढारीण लाडात येऊन म्हणाली. "रंग जुळवून बघताना ताग्याचा कोपरा कापायचा आणि पर्समध्ये टाकायचा. सगळ्याच टाकायच्या. तुम्हाला दुकानाची आठवण राहावी म्हणून सगळ्यांचे एकत्र केले. बाहेरची एक चिंधी नाही बघा!"

काकूंनी फळीवरचा तागा ओढला. कोपरा कुरतडलेला. दुसरा ओढला, तिसरा ओढला, तेच. इतके दिवस त्या उंदरांना शिव्या घालत होत्या, पिंजरे लावत होत्या. आणि उंदीर टेबलाभोवती बसून पंख्याचा वारा खात होते!

त्यांनी गोधडी दूर ढकलली. "उचला ही आधी. किळस येते मला. मागितला असता तर हातभर कापून दिला असता गं मी!"

"अय्या, एवढ्याशा चिंध्यांसाठी?" पुढारणीनं नाक फुगवलं. "आम्ही इतक्या प्रेमानं शिवली!"

काकूंनी इस्त्रीची पिन उपटली, पंखा बंद केला. "महिनाअखेर कशाला? दुकान आजच बंद."

आता तरी कुणी चुकलं म्हणेल, कुणी काकूंचा हात धरेल, असं दारात उभ्या सुनेला उगाच वाटलं.

"म्हणजे मग," एकीनं गोधडीची घडी घालत विचारलं, "पुढच्या गुरुवारी आम्ही बसायचं कुठे?"