भिंत आहे, दारातून या

माझ्या आत्याच्या यजमानांइतका नियमाला धरून चालणारा माणूस निजामाच्या राज्यात झाला नाही, आणि ते राज्य जाऊन आपलं आलं तरी झाला नाही. तुळजापूरच्या वाचनालयात ते ग्रंथपाल होते. ग्रंथपाल, शिपाई, झाडूवाला, सगळं तेच. मी मुलींच्या शाळेत नवीनच मास्तरीण म्हणून लागले होते आणि आत्याकडंच राहत होते, त्यामुळं या आतोबांचा तमाशा मला सकाळ-संध्याकाळ फुकट बघायला मिळे. वाचनालयात हळू बोलायचं असा नियम, म्हणून ते सगळीकडंच हळू बोलत. बाजारात माळणीपुढं उकिडवं बसून कुजबुजत, "वांगी कशी दिली?" तीही तितक्याच हळू भाव सांगे. शेजारचीला वाटे काहीतरी भानगड आहे, ती कान देई, आणि बघता बघता भाजीची अख्खी रांग कुजबुजायला लागे. देवळात सगळे "आई राजा उदो उदो" म्हणून घसा फोडत असताना हे ओठातल्या ओठात पुटपुटत. आत्या वैतागली की म्हणत, "देवीला ऐकू जातं की. ती काय बहिरी हाय?" शेजारीण विळी मागायला आली तरी, "आठवड्यात परत करा, पानं दुमडू नका," असं सवयीनं सांगून मोकळे होत.

अशा माणसाच्या वाचनालयाला वाळवी लागली. तुळया आतून पोखरल्या, वरचं मातीचं माळवद एका बाजूला खचलं, आणि बांधकाम खात्याच्या माणसानं इमारत धोक्याची ठरवून, पुस्तकांच्या पेट्या आमच्या ओसरीत हलवायला लावून दाराला कुलूप घातलं. आतोबांना दुःख झालंच, पण थोडा अभिमानही वाटला. म्हणाले, "आपली वाळवीसुद्धा शिस्तीची. पुस्तकाला तोंड लावलं न्हाई." वाचनालयाच्या मंडळाचे अध्यक्ष देवळाजवळ पेढ्यांचं दुकान चालवत. त्यांचा हिशेब निराळा होता. सोलापूरहून गाड्या भरून यात्रेकरू येतात, त्यांना उतरायला जागा नाही, मग कुणासाठी छप्पर घालायचं? नवरात्रापर्यंत बघू, ते म्हणाले. वाचक टिकले तर वाचनालय, नाहीतर खोल्या काढून लॉज.

आतोबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले, पुस्तकांच्या पेट्या हातगाड्यावर घातल्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडूलिंबाखाली नेल्या. मग बादलीत चुना कालवून जमिनीवर वाचनालय आखलं. अगदी होतं तसं. पूर्वेला दार, दाराशी चपलांची जागा, उत्तरेला खिडकी. मला वाटलं, शोभेला केलंय. मी आपली सरळ रेघ ओलांडून पेपर बघायला गेले, तर आतोबा कुजबुजले, "भिंत आहे, दारातून या." मला हसू आवरेना, पण त्यांच्या तोंडाकडं बघून वळसा घालून आले. दोन दिवसांत सगळी गल्ली वळसा घालायला लागली. एका पुजाऱ्यानं घाईत बाहेरूनच पुस्तक पुढं केलं, त्याला त्यांनी खिडकीशी पाठवलं. एकदा शेळी भिंतीतून आत शिरली. कुणीही हुसकली असती. यांनी तिला कान धरून दारापर्यंत चालवत नेलं आणि मग सोडलं. पाऊस आला की इमारत वाहून जाई, उघडीप झाली की ते पुन्हा बांधत.

आणि खरंच सांगते, माणसं वाढली. बायका तर इमारतीत कधीच आल्या नव्हत्या. आता पाणी आणताना, भाजी घेऊन परतताना, सावलीला म्हणून टेकायच्या आणि पुस्तक उघडायच्या. आत्या रोज दुपारी यजमानांचा चहा घेऊन यायची. रिकामा गिलास परत न्यायचा म्हणून बसायची. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. एक दिवस तिनं राजकन्येची जाडजूड कादंबरी उचलली आणि बोट ठेवून वाचायला लागली. त्या दिवसापासून आमच्याकडं दूध रोज उतू जायचं. मी बोलले तर म्हणाली, "जरा थांब की. तिला भुयारात कोंडलंय."

नवरात्राच्या तोंडावर अध्यक्ष बघायला आले. तरातरा चालत सरळ भिंतीवर आले. आतोबा उठून उभे राहिले. आवाज नेहमीइतकाच हळू. "अध्यक्षसाहेब, भिंत आहे."

अध्यक्षांचा पाय तसाच वर राहिला. सगळ्यांनी माना वर केल्या, एक आत्या सोडून, कारण राजकन्या अजून भुयारातच होती. अध्यक्षांनी आमच्याकडं बघितलं, रेघेकडं बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मुकाट्यानं वळसा घालून दाराशी गेले. चपला काढल्या. म्हणाले, "येऊ का आत?"

आत येऊ का विचारल्यावर, इथं वाचनालय नाही असं कुठल्या तोंडानं म्हणणार? लॉज बारगळलं, नवं छप्पर चढलं, पेढे वाटून इमारत उघडली. आतोबा नवीन कोट घालून दारात उभे. पुरुष सगळे आले. बाई एकही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जेवताना त्यांनी आत्याला विचारलं, "तुझी कादंबरी अर्धी राहिली. येत का न्हाईस?"

आत्यानं भाकरी वाढली. म्हणाली, "लिंबाखाली मी चहा घेऊन येत हुते. कुणी इचारलं असतं तर तेवढंच सांगितलं असतं. आता उंबरा हाय, अन् उंबऱ्यावर चार माणसं बसल्याली असत्यात. त्यांच्यातनं आत कशी जाऊ?"

 दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाचनालयाकडं गेले, तर दाराला भलंमोठं कुलूप आणि त्यावर पाटी. 'दुपारी तीन ते पाच वाचनालय बंद. वाचायचं असल्यास लिंबाखाली यावं.' अध्यक्ष कपाळाला हात लावून बसले. नियमावलीत असं कुठंच नव्हतं, आणि नियमाबाहेर वागण्याची आतोबांची ती पहिलीच खेप. पण पुढं नोकरी संपेपर्यंत त्यांनी ते कुलूप एक दिवसही चुकवलं नाही, आणि आत्यानं त्या सावलीत पेटीच्या पेटी वाचून काढली.

आता आतोबा नाहीत. नवे ग्रंथपाल भले आहेत, वाचनालय दिवसभर, तीन ते पाचसुद्धा उघडं असतं. आत्या मात्र त्यानंतर कधी गेली नाही.