टकटकबाईंची परिपत्रकं

बस डेपोच्या कचेरीत टकटकबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आधी टायपरायटर बडवला. मग कॉम्प्युटर आला, तर त्याचाही कीबोर्ड त्याच जोरानं बडवून तीन मोडले. काम सोपं होतं. मुख्य कार्यालयातून नियमांचं छापील परिपत्रक यायचं, एकच प्रत. बाईंनी ते टाइप करून प्रती काढायच्या, एक फलकावर डकवायची, बाकीच्या वाटायच्या. मूळ कागद लोखंडी कपाटात जायचा आणि पुढे फक्त झुरळांच्या वाचनात राहायचा.

या कामात बाईंना एक खोड जडली होती.

सुरुवात खुर्चीपासून झाली. नोकरीला सहा महिने झाले होते आणि परिपत्रक आलं, टंकलेखकास बसण्यास स्टूल द्यावे. बाईंची कंबर आधीच कुरकुरत होती. त्यांनी स्टुलाच्या जागी 'पाठ असलेली खुर्ची' असं टाइप केलं आणि कागद तेव्हाच्या साहेबांपुढे सरकवला. सही करायचा कागद वाचायचा नाही, अशी त्या कचेरीची जुनी रीत. चौथ्या दिवशी खुर्ची हजर. मांजराला दुधाची वाट एकदा सापडली की ते काही पुन्हा वाट विचारत बसत नाही.

चालकांना दोन फेऱ्यांमध्ये दहा मिनिटं विश्रांती, असं वरून आलं. बाईंनी वीस केली, वर 'पाय पसरण्यास पुरेल अशा बाकासह' हेही घातलं. बायकांच्या संडासाबद्दल वरच्यांनी दोन पानं लिहिली होती, पण दाराला आतून कडी हवी हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते बाईंच्या आलं. मूल झाल्यावर बापाला दोन दिवस रजा होती, तिथं आठ झाली. ब्रह्मदेव माणसांची कपाळं लिहायला बसला तेव्हा बाई तिथं टायपिंगला नव्हत्या, नाहीतर आज पुष्कळ लोक सुखात असते.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि नवं खूळ निघालं. वरून तपासनीस येणार होते, त्यांना सगळ्या नियमांची एक पुस्तिका हवी होती. साहेबांनी ते काम दिलं कॉम्प्युटरवरच्या नव्या कारकुनिणीला. ही कारकुनीण म्हणजे बाईंची सून.

"आई, इकडे या, गंमत दाखवते," सून म्हणाली. तिनं ब्राउझरमध्ये कसलंसं पान उघडलं आणि एका जुन्या परिपत्रकाचं चित्र ओढून त्यात टाकलं. एक निळी पट्टी सरकली आणि खालच्या चौकोनात अक्षरं भराभरा उतरली. "चित्रातली अक्षरं नुसती दिसतात, ती शोधता येत नाहीत की उचलता येत नाहीत. हे ती वाचून टाइप करून देतं. आणि सगळं याच मशीनवर, बाहेर कुठं जात नाही."

"बोटं नसताना टाइप करतंय मेलं," बाई म्हणाल्या. "आणि काय काय वाचणार आहे हे?"

"कपाटातली सगळी परिपत्रकं."

बाईंनी बशीतला चहा परत कपात ओतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सून डबा न उघडताच समोर येऊन बसली. "आई, नियम चौदा. यंत्र म्हणतंय रजा दोन दिवस. आपल्या फलकावर आठ."

"यंत्राचे डोळे गेलेत."

"एके ठिकाणी गेले असते. अकरा ठिकाणी? आणि दर वेळी आपल्याच लोकांचा तोटा होईल असे?"

बाईंनी भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली. भाजी त्यांनीच केली होती.

"आई."

"शिक्का आडवा आला असेल. डाग असला तर वाचतं का गं ते?"

"डागावर गडबडतं जरा."

एवढं ऐकलं आणि बाईंना रात्रभर डोळा लागला नाही. तपासनिसाच्या हाती ते दोन दिवस पडले की संपलं. आपल्या नावाला जाता जाता बट्टा लागेल तो लागेल, पण चालकांची वीस मिनिटं जातील, कडी जाईल. बाकसुद्धा उचलून नेतील, वरच्यांचा काही नेम नाही.

सकाळी कचेरी उघडताच बाईंनी कपाटातून ती अकरा परिपत्रकं काढली, टेबलावर ओळीनं मांडली आणि किटलीतला चहा त्यांच्यावर ओतला. पस्तीस वर्षांत ज्या हातानं कागदावर थेंब पडू दिला नव्हता, तो हात झारीनं रोपांना पाणी घालावं तसा फिरत होता.

सून दारातच थबकली. "हे काय करताय?"

"डाग पाडतेय."

"अहो आई, त्यांचे फोटो दोन वर्षांपूर्वीच काढून झालेत. यंत्र फोटो वाचतं, कागद नाही. हे जाळलेत तरी ते आत तसंच आहे."

बाई मटकन खाली बसल्या, त्या पाठ असलेल्या खुर्चीत. "काल सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही किटली घेऊन निघाल हे मला काय माहीत?"

तेवढ्यात साहेब आले. चहाच्या तळ्यात पोहणारे अकरा कागद त्यांनी पाहिले. बरोबर हेच अकरा भिजले म्हणजे त्यात काहीतरी गोम आहे, एवढं समजायला साहेब होण्याइतकी अक्कलही लागत नाही. त्यांनी सुनेकडून यंत्रानं काढलेला मजकूर मागवला, फलकावरच्या प्रती उतरवून आणल्या आणि दार लोटून घेतलं.

तासाभरानं दोघींना बोलावणं आलं. साहेबांचं बोट नियम चौदावर होतं. हे साहेब याच डेपोत वाहक म्हणून लागले होते. त्यांना जुळं झालं तेव्हा बायको अंथरुणावरून उठू शकत नव्हती आणि आठ दिवस यांनीच दोन्ही पोरांचं धुतलं-पुसलं होतं, हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं.

"आठ," साहेब म्हणाले.

"जुळं म्हणजे सोळाच हवे होते," बाई म्हणाल्या. "पण जुळ्याचं कोणी कळवलं नाही आधी."

सुनेनं पदरात तोंड लपवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला.

"हा यंत्राचा मजकूर फार खडबडीत आहे," ते अखेर म्हणाले. "मध्येच शिक्के, मध्येच रेघा. तपासनिसांना असा कसा द्यायचा? बाई, छापण्याआधी तुम्ही एकदा स्वच्छ टाइप करा."

"जसंच्या तसं?"

"तुम्ही नेहमी करता तसं."

"आणि ती चित्रं?" सून म्हणाली. "ती आतच आहेत, साहेब."

"तपासनीस पुस्तिका चाळतील, जेवतील आणि जातील. चित्रं उघडून बघण्याइतकं काम त्या खात्यात आजवर कोणी केलेलं नाही."

बाई उठल्या. दारापाशी पोचल्या तेव्हा मागून साहेबांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला.

"बाई, दुपारी माझ्या टेबलावर ऊन येतं."

"पडदा ना?" बाई म्हणाल्या. "सत्ताविसाव्या नियमात जागा आहे. रंग सांगून ठेवा."