विलायती मोटारीतला धूर

माझ्या सासऱ्यांनी माझ्या मोटारीला आग लावली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. धूर मात्र त्यांनीच केला होता!

मोटार साधीसुधी नव्हती हो! दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी इंग्लंडात बनलेली! लांबलचक बॉनेट, ताटाएवढाले दिवे, तारेच्या काड्यांची चाकं, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आणि अस्सल चामड्याच्या सीट. चोपड्याच्या एका शेटजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकीच्या पोत्यांमागे उभी होती. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. मी पाहिली आणि भानच हरपलं. (मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, पाहायला गेलो तेव्हा मी आधी पोहे संपवले होते. हे ती अजून विसरलेली नाही.)

धुळ्याच्या देवपुरात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. मी शाळामास्तर. मोटार घेतली खरी, पण ठेवणार कुठे? शेवटी तिची सोय रावेरला सासऱ्यांच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरशेजारी झाली. सासरे, म्हणजे आबा, केळीचे बागाईतदार. रविवार आला की मी एसटीने रावेर गाठायचं, मोटारीखाली शिरायचं आणि काळ्या तोंडाने परतायचं.

"जावईबापू जेवाले येता का ग्रीस खाले?" सासूबाई विचारायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत.

काही वर्षं अशी गेली आणि मोटार चक्क चालायला लागली! मी लगेच इंदूरच्या जुन्या मोटारींच्या एका मंडळाला कळवलं. तिथले एक साहेब स्वतः रावेरला येऊन मोटार पाहणार आणि पसंत पडली तर रॅलीत घेणार, असं ठरलं. 'पसंत पडली तर' हे शब्द मी गाळले आणि रॅलीला निघालो म्हणून अख्ख्या देवपुरात सांगून मोकळा झालो! चौकड्यांचा कोट शिवला, त्याच कापडाची टोपी शिवली. आता साहेबांनी नाही म्हटलं, तर धुळ्यात तोंड दाखवायला जागा नव्हती.

साहेब यायच्या आदल्या रविवारी मोटार चकाचक केली आणि आबांना मुद्दाम दार लावून दाखवलं.

"आबा, ही विलायती कारागिरी! काचा वर केल्या की आत वारासुद्धा शिरत नाही!"

"वारासुद्धा नाही?" आबांचे डोळे चमकले. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला उशिरा का होईना, कदर कळली!

पुढच्या रविवारी कोट-टोपी चढवून मी मंदासह रावेरला उतरलो. साहेब यायला थोडा वेळ होता. शेडचं दार उघडलं आणि बघतो तर काय! मोटारीच्या काचांमागे धूर! नुसता धूर! आतलं काही म्हणता काही दिसेना!

"आग! आग! पाणी आणा!" मी टोपी फेकून ओरडलो. मंदाने बादली उचलली.

"थांबा! थांबा!" आबा हात पसरून मोटारीपुढे आडवे झाले. "पानी नका टाकू! बठ्ठा माल नासून जाईन!"

"कसला माल?"

आबांनी झोकात दार उघडलं. धूर खोकत खोकत बाहेर आला. (खोकत मी होतो, पण तेव्हा काही कळण्याच्या पलीकडे गेलो होतो.) पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर, खाली पाय ठेवायच्या जागेत, जिकडे बघावं तिकडे केळीचे घड! अंगावर गोणपाटं पांघरलेली! एक घड तर स्टिअरिंगला टेकून ऐटीत बसला होता. खाली मडक्यात गोवऱ्या धुमसत होत्या.

"आबा! हे काय केलं?"

"मंग? पाव्हना इंदूरहून येऊन राह्यला, त्याले हिरवी केळी दाखवू? थंडीत धुराबिगर लवकर पिकत नाही. आमच्या खोलीत धूर टिकत नाही. तुम्हीच सांगतलं ना, वारा शिरत नाही म्हनून! एकदम खरं निघालं बरं बापू! अशी खोली बठ्ठ्या रावेरात नाही!"

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. असा संताप आला की काय सांगू! पण बोलू कुणाला? सासरा! आणि तोही माझ्याच मोटारीचं कौतुक करणारा!

तेवढ्यात मागून आवाज आला, "नमस्ते!"

मेलो! साहेब! ते आत वाकले, डोळे पुसले आणि सीटवरचा काळा डाग बोटाने घासू लागले.

"ये क्या है?"

"केळीचा चीक, साहेब," आबांनी अभिमानाने माहिती पुरवली. "जनमभर जात नाही!"

साहेब बोट पुसत बाहेर आले. खाटेवर बसले. अक्कांनी पिवळीधमक केळी पुढे ठेवली. साहेबांनी एक खाल्लं. मग दुसरं. मी देव पाण्यात घालून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मास्टरजी, गाड़ी तो रैली के लायक नहीं रही," ते शेवटी म्हणाले. "मगर केले! भई वाह! रैली के नाश्ते के लिए ले जाऊँ?"

झालं! माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मोटारीतले घड साहेबांच्या डिकीत चढले आणि रॅलीला रवाना झाले. मी कोटासकट मोटारीच्या पायरीवर मटकन बसलो. खरंच रडू येत होतं.

आबा शेजारी टेकले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जीव लहान करू नका, बापू. आता एखादी मोठी गाडी पाहा. हिच्यात घड जास्त मावत नाही."

मी ताडकन उठलो. आज सासरा-बिसरा काही बघायचं नाही, चांगलं खडसावायचं, असं ठरवून छाती भरून श्वास घेतला आणि विचारलं,

"मोठी म्हणजे साधारण किती घडांची, आबा?"