मास्तरांचा दुसरा डोळा

मायक्रोस्कोपच्या दिव्याचा नॉब माझ्या हातात असायचा. उल्हासनगरच्या एका छोट्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे नवा मायक्रोस्कोप आला होता. तोवर डॉक्टर कपाळाला भिंग बांधून मोतीबिंदू काढायचे. नव्या यंत्राखाली त्यांना केसाहून बारीक धागा लख्ख दिसायला लागला, आणि डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं आमच्याकडेही सुरू झालं. उजेड जितका जास्त तितकं काम चांगलं, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती. डॉक्टर "लाईट" म्हणाले की मी नॉब फिरवायची. नॉबवर उकळून घेतलेली रबरी टोपी असायची, म्हणून निर्जंतुक हातमोज्यांनीही फिरवता यायचा.

मास्तर सिंधी होते, साठीचे. निर्वासितांच्या जुन्या कॅम्पमधल्या एका कारखान्यात कापड बेतायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा आधी करायचा ठरला. या ऑपरेशनला डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देत. माणूस जागाच असतो, चेहऱ्यावर हिरवं कापड आणि डोळा तेवढा उघडा. भिंग नीट बसलं. टाके घालताना मात्र धागा तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. डॉक्टर घामाघूम झाले.

"लाईट."

मी वाढवला.

"अजून."

मी नॉब शेवटपर्यंत नेला. कापडाखालून मास्तर म्हणाले, "सिस्टर, बहुत तेज है. सूरज जैसा."

"बोलू नका मास्तर, डोळा हलतो," मी म्हणाले.

ते गप्प झाले. टाके संपायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पट्टी मी काढली. मास्तरांची बायको शेजारी उभी होती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मान थोडी तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "सिस्टर, तुझा कान दिसते. तोंड नाय दिसते."

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतायत. ते हसत नव्हते.

डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, खोली अंधारी केली आणि कितीतरी वेळ आत बघत राहिले. मग मला बाहेर बोलावून दार लावून घेतलं.

"डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पिवळट डाग आहे. मधोमधच्या अगदी जवळ. दिव्याने झालंय."

"दिव्याने? भिंगाने कागद जळतो तसं?"

"तसं जळत नाही. उन्हात कापडाचा रंग विटतो ना, तसं काहीसं. नवं भिंग बसलं की सगळा उजेड थेट पडद्यावर एकाच जागी पडतो, आणि भुलीमुळे डोळाही हलत नाही. मी वाचलं होतं. पण टाक्यांच्या नादात लक्षातच आलं नाही."

मला माझा हात नॉबवर दिसत होता. 

डॉक्टरांनी मास्तरांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "चूक माझी आहे. डाग हळूहळू कमी होईल, पण पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही." मास्तर खाली बघत ऐकत होते. बायकोने मात्र डॉक्टरांना खूप सुनावलं. तिचं बरोबरच होतं. त्या दिवशी मी हेंद्रेपाड्यात घरी गेले आणि भाकरी थापता थापता हात थांबला, तेव्हा नवऱ्याने विचारलं, बरं नाही का? मी डोकं दुखतंय म्हणाले.

त्यानंतर थिएटरमधली पद्धत बदलली. दिवा अर्ध्यावर ठेवायचा. मायक्रोस्कोप किंचित कलता धरायचा, म्हणजे उजेड मधोमध पडत नाही. आणि भिंग बसलं की टाके होईपर्यंत बुबुळावर ओल्या स्पंजची जाड चकती ठेवायची. चकत्या मी कापायची. भिंतीवर घड्याळ लावलं, दर पाच मिनिटांनी वेळ सांगायचं काम माझं.

पाचेक महिन्यांनी मास्तर आले. डावा डोळाही आता कामातून गेला होता, कापडावरची खडूची रेघ दिसत नव्हती. दुसरीकडे का नाही गेले, मला कळलं नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, या वेळी दुसऱ्या सिस्टरला घ्या. ते म्हणाले, "ते मास्तरांना विचारा."

मी बाकड्यापाशी गेले. "मास्तर, त्या दिवशी दिवा मी वाढवला होता. तुम्ही सांगत होतात, मी तुम्हाला गप्प केलं."

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "तो इस बार चुप मत कराना," एवढंच बोलले. बायकोने तोंड फिरवलं.

मोतीबिंदू निघेपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं. मग डॉक्टरांचा हात थांबला. नवं भिंग ज्याच्या आधाराने बसवायचं तो मागचा पातळ पापुद्रा गेला होता आणि आतला चिकट द्रव पुढे येत होता.

"फाटलं," ते पुटपुटले.

कापडाखालून लगेच आवाज आला, "क्या फटा, साहेब?"

"पापुद्रा फाटलाय मास्तर. सांभाळतो. हलू नका."

ते हलले नाहीत. चादरीखाली त्यांच्या पायाची बोटं मात्र आखडलेली मला दिसली. डॉक्टर तो द्रव कणाकणाने कापून बाजूला करत होते. घड्याळाचा काटा पुढे जात होता.

"लाईट."

मी नॉबला हात लावला नाही.

"सिस्टर, लाईट!"

"डॉक्टर, पंचवीस मिनिटं झाली."

"मला दिसत नाहीये!"

"थोडा वाढवते. पण तुमचा हात थांबला की बंद करणार."

त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. मग ते पुन्हा वाकले. "बरं. करा."

तसंच केलं. ते "हं" म्हणाले की मी दिवा लावायची, हत्यार बदलायला हात मागे आला की बंद. नॉबशेजारचा बंद-चालूचा खटका दाबून दाबून माझा अंगठा दुखायला लागला. भिंग एकदाचं बसलं, नेहमीच्या जागेच्या किंचित पुढे. त्यांनी सांगायच्या आत मी चकती ठेवली. पहिला टाका, दुसरा, तिसरा. चौथ्याला धागा तुटला. डॉक्टरांनी दुसरा घेतला. मास्तर काहीतरी पुटपुटले तशी मी कापडाजवळ वाकले.

"मास्तर, काय होतंय? त्रास होतोय का?"

"नहीं. अंधेरा है."

अंधार आहे, हे ऐकून माझ्या जिवात जीव आला.

पण पट्टी काढली तर बुबुळ सुजून धुरकट झालेलं. मास्तरांना नुसतं धुकं दिसत होतं. डॉक्टरांनाही आतलं काही दिसेना. सूज उतरेपर्यंत थांबायचं, एवढंच हातात होतं. चार दिवस मी थेंब घालायला जायची आणि काही न विचारता परत यायची. पाचव्या दिवशी मास्तर स्वतःच म्हणाले, "आज दोन्ही दिसते. कान पण, तोंड पण." डॉक्टरांनी आत पाहिलं. पडदा स्वच्छ होता. ते खुर्चीत मागे टेकले आणि हातातली बॅटरी बंद करायची विसरले.

उजव्या डोळ्यातला डाग वर्षभरात फिका झाला, गेला नाही. बारीक काम करताना मास्तर तो डोळा मिटून घ्यायचे, असं त्यांनीच सांगितलं. कारखान्यात मात्र परत जायला लागले होते. त्यांची बायको माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तपासणीला आली की मला ओलांडून दुसऱ्या सिस्टरकडे मास्तरांना घेऊन जायची, आणि मी बाजूला सरकून वाट द्यायची.